यहोशवाची नियुक्ति व एका सर्वनामाची साक्ष

मोशेच्या पश्चात् इस्राएल लोकांचें पुढारीपण नूनाचा पुत्र यहोशवा याजकडे आलें. या नियुक्तीची हकीकत इब्री शास्त्रांत एके ठिकाणीं सांगून संपविलेली नाहीं. गणना, अनुवाद आणि यहोशवा या तीन ग्रंथांत ती तीन वेळां येते, आणि दर वेळीं थोड्या निराळ्या रूपानें येते. धर्मबोधाच्या दृष्टीनें या प्रकरणावर पुष्कळ लिहिलें गेलें आहे. प्रस्तुत लेखाचा हेतु तेवढा मोठा नाहीं. यहोशवाच्या पहिल्या अध्यायांतील सातव्या वचनांत एक पुल्लिंगी सर्वनाम आहे आणि तें ज्या नामाकडे जावें तें नाम स्त्रीलिंगी आहे. ही विसंगति कोठून आली, तिच्यावरून मूळ पाठाविषयीं काय म्हणतां येतें आणि काय म्हणतां येत नाहीं, एवढेंच येथें पाहावयाचें आहे. पोथ्या ताडून पाहण्याचा ज्यांस सराव आहे त्या वाचकांना हा प्रश्न परका वाटणार नाहीं.

१. तीन हकीकती

गणनेच्या २७ व्या अध्यायांत मोशे स्वतःच परमेश्वरापाशीं आपल्या मागें कोणी नायक असावा अशी विनंति करतो. उत्तरादाखल यहोशवाचें नांव येतें. तो आत्म्यानें युक्त असा पुरुष आहे; त्याजवर मोशेनें हात ठेवावा, एलाजार याजकापुढें व सर्व मंडळीपुढें त्यास उभें करावें, आणि आपल्या तेजाचा कांहीं अंश त्यास द्यावा, अशी आज्ञा होते. पुढें एलाजारानें उरीमाच्या योगें कौल घ्यावा व त्या कौलाप्रमाणें यहोशवानें व लोकांनीं हालचाल करावी, असें ठरतें. म्हणजे येथें नवा नायक याजकाच्या कौलाच्या आधीन आहे.

अनुवादाच्या ३१ व्या अध्यायांत याजक यहोशवाच्या वाटेंत कोठेंच येत नाहीं. मोशे सर्व इस्राएलासमक्ष त्यास धीर देतो (७-८). नंतर दोघे दर्शनमंडपांत उभे राहतात, मेघस्तंभ दिसतो (१४-१५), आणि प्रत्यक्ष नियुक्तीचें वाक्य २३ व्या वचनांत येतें. हात ठेवण्याचा येथें उल्लेख नाहीं. तो ३४ व्या अध्यायाच्या ९ व्या वचनांत परत येतो, पण उलटा होऊन. गणनेंत यहोशवाच्या ठायीं आत्मा आधींच आहे, म्हणून त्याजवर हात ठेवावयाचा. अनुवादांत मोशेनें हात ठेवले होते, म्हणून तो ज्ञानाच्या आत्म्यानें पूर्ण झाला. कार्य व कारण यांची अदलाबदल झाली आहे.

तिसऱ्या हकीकतींत, म्हणजे यहोशवाच्या पहिल्या अध्यायांत, मोशे मरण पावलेला आहे. मंडप नाहीं, मेघ नाहीं, याजक नाहीं, हात ठेवणारा कोणी नाहीं. आहे तें केवळ परमेश्वराचें भाषण, आणि त्या भाषणाच्या मध्यभागीं एक ग्रंथ.

या प्रसंगास अभिषेक म्हणण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. तेल ओतण्याचा विधि शौल आणि दावीद यांच्या कथांत येतो. यहोशवावर कोणीं तेल ओतल्याचें या तिन्ही ग्रंथांत कोठेंहि नाहीं. त्याचप्रमाणें हें पाचारणहि नव्हे. मोशे, गिदोन, यिर्मया यांना पाचारण झालें तेव्हां प्रत्येकानें आपल्या असमर्थतेची सबब सांगितली. यहोशवा पहिल्या नऊ वचनांत एक शब्दहि बोलत नाहीं. दहाव्या वचनांत तो तोंड उघडतो तें लोकांच्या अंमलदारांना हुकूम देण्याकरितां. ही एका ठरीव सांच्याची नियुक्ति आहे. त्या सांच्याचीं तीन अंगें नॉर्बर्ट लोहफिंक यांनीं १९६२ मध्यें वेगळीं काढून दाखविलीं : धीर देणें, काम सोंपविणें आणि सांगात राहण्याचें अभिवचन. डेनिस मॅकार्थी यांनीं १९७१ मध्यें हाच सांचा इतरत्रहि शोधला. धीर देण्याच्या अंगांत ‘हाज़क्’ व ‘आमत्स्’, म्हणजे बळकट होणें व दृढ होणें, या दोन धातूंची जोडी पुनःपुनः येते. यहोशवाच्या पहिल्या अध्यायांतील सहाव्या वचनांत काम सांगितलें आहे तें लोकांना भूमि वांटून देण्याचें; ग्रंथाचा उत्तरार्ध, अध्याय १३ पासून पुढें, त्याच कामाचा वृत्तांत आहे.

२. नकलकारांच्या संवयी

सातव्या वचनाकडे वळण्यापूर्वीं साक्षीदारांची ओळख करून घेतली पाहिजे, कारण यांतील प्रत्येकाला कांहीं संवयी आहेत.

गणनेच्या २७ व्या अध्यायाच्या अखेरीस शोमरोनी पंचग्रंथांत कांहीं अधिक वाक्यें आढळतात. तीं अनुवादाच्या ३ ऱ्या अध्यायांतून (वचनें २१-२२) उचललेलीं आहेत. मोशेनें यहोशवास धीर दिल्याचें तेथें तो मागाहून आठवण म्हणून सांगतो. मग तें मूळ प्रसंगीं लिहिलेलें कां नाहीं, असें वाटून कोणीं तरी तेथें तें भरून काढलें. हा प्रक्षेप केवळ शोमरोनी लोकांचा म्हणून पूर्वीं बाजूस सारतां येत असे. परंतु १९४७ नंतर मृतसमुद्राकाठीं कुमरान येथें ज्या गुंडाळ्या सांपडल्या त्यांतील चौथ्या गुहेच्या एका गणना-प्रतींतहि तो मिळाला. अर्थात् भर घालण्याची ही चाल एका पंथाची नसून त्या काळच्या यहूदी नकलकारांतहि प्रचलित होती.

दुसरें उदाहरण ग्रीक भाषांतराचें, ज्यास सत्तरांचें भाषांतर म्हणतात त्याचें. अनुवाद ३१ : २३ या वचनांत इब्री पाठाप्रमाणें बोलणारा परमेश्वर आहे, मीं शपथ वाहिली व मी तुजबरोबर असेन, असा प्रथमपुरुषी अर्थ आहे. पण १६ पासून २२ पर्यंत मध्यें गीताचें प्रकरण आल्यामुळें जवळचा कर्ता मोशे ठरतो. वाचणारा अडखळतो. ग्रीक पाठांत ही अडचण नाहींशी झाली आहे : तेथें शपथ वाहणारा प्रभु तृतीयपुरुषीं गेला आहे व भाषण मोशेचें झालें आहे. येथें कठीण पाठ इब्रीचा आणि सुलभ पाठ ग्रीकाचा आहे. कठीण पाठ कोणी मुद्दाम निर्माण करीत नाहीं, या न्यायानें येथें इब्री पाठच मूळचा. तसेंच गणना २७ : १८ मध्यें इब्रींत एकवचनी हात व २३ मध्यें अनेकवचनी हात आहेत, ग्रीकानें दोन्हीं ठिकाणीं अनेकवचन करून मेळ घातला आहे.

हें आधींच सांगून ठेवण्याचें कारण असें कीं पुढें मी सातव्या वचनांत ग्रीकाच्या बाजूनें कौल देणार आहें. तो कौल ग्रीक पाठ सर्वत्र श्रेष्ठ आहे अशा समजुतीनें दिलेला नाहीं. साक्षीदार तोच असला तरी त्याची साक्ष स्थळपरत्वें तोलली पाहिजे.

३. सातवें वचन

यहोशवाच्या इब्री पाठाच्या मुख्य प्रती दोन. एक अलेप्पोची, दहाव्या शतकांतील. १९४७ च्या दंगलींत तिचीं पानें गेलीं, पण यहोशवाचा भाग वांचला. दुसरी लेनिनग्राडची, १००८ सालची. ग्रीकाची मुख्य प्रत व्हॅटिकनमधील, चौथ्या शतकांतील. भाषांतर अर्थातच त्याच्याहि कित्येक शतकें आधींचें. कुमरानच्या यहोशवा-प्रतींत हें वचन मिळालेलें नाहीं. तेव्हां निर्णय याच साक्षीदारांवर करावयाचा आहे.

इब्री पाठाचा आशय असा : यहोशवानें फार बळकट व दृढ व्हावें, परमेश्वराचा सेवक मोशे यानें त्यास आज्ञापिलेल्या सर्व तोरेप्रमाणें वागण्यास जपावें, आणि त्यापासून उजवीडावीकडे वळूं नये. ‘त्यापासून’ यास शब्द आहे ‘मिम्मेन्नू’, पुल्लिंगी. तोरा हें नाम स्त्रीलिंगी. त्यास ‘मिम्मेन्नाह’ पाहिजे होतें. आयुष्य संस्कृत शिकविण्यांत गेलेल्या माणसाची दृष्टि अशा ठिकाणीं आपोआप थांबते. ‘विद्या’ म्हणून पुढें ‘तस्मात्’ लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास आपण थांबवितों आणि विचारतों, तूं मनांत कोणता शब्द धरला होतास?

ग्रीक पाठांत या प्रश्नाचें उत्तर आहे. तेथें ‘सर्व तोरा’ हे शब्दच नाहींत. माझा सेवक मोशे यानें तुला ज्याप्रमाणें आज्ञा केली त्याप्रमाणें, एवढेंच आहे. तोरा काढली म्हणजे सर्वनाम आज्ञापिलेल्या गोष्टीकडे जातें, आणि इब्रींत तेथें पुल्लिंग अगदीं यथायोग्य होतें. मूळ वाक्य तोरेवांचून लिहिलेलें होतें. पुढें कोणीं आठव्या वचनांतील तोरेचा ग्रंथ मनांत धरून सातव्यांतहि तो शब्द घातला, पण वाक्याच्या शेवटचें सर्वनाम बदलण्याचें त्यास सुचलें नाहीं. आपल्याकडील पोथ्यांत समासांतील टीप काकपदावांचून मजकुरांत उतरते तेव्हां अशाच खुणा मागें राहतात.

४. आक्षेप

पहिला आक्षेप व्याकरणाचा. ‘सर्व’ या अर्थाचा ‘कोल’ हा शब्द पुल्लिंगी आहे; सर्वनाम त्याच्याकडे कां जाऊं नये? जाऊं शकेल. पण इब्रींत कोल या शब्दानंतर येणाऱ्या नामाशीं अन्वय साधण्याचा सामान्य प्रघात आहे. तेव्हां ही वाट मोकळी असली तरी आडवाट आहे, एवढें कबूल करून पुढें जावें.

दुसरा आक्षेप अधिक भारी. अनुवाद ३१ : २३ मध्यें ग्रीकानें अडचण दूर केली हें आपण वर पाहिलें, मग येथेंहि विजोड सर्वनाम पाहून भाषांतरकारानें तोरा गाळली असें कां म्हणूं नये? यास माझें उत्तर असें. ग्रीकांत तोरेस जो शब्द वापरतात तो ‘नोमोस’, आणि नोमोस पुल्लिंगी आहे. भाषांतर करणाऱ्यानें तोरा ठेवली असती तरी त्याच्या वाक्यांत लिंगाचा विरोध उत्पन्नच झाला नसता. जी अडचण त्याच्या भाषेंत नाहीं ती दूर करण्यासाठीं तो शब्द कशाला गाळील? उलट त्यानें सर्वनाम अनेकवचनीं घातलें आहे, ‘त्यांपासून’ असें. म्हणजे त्याच्यापुढें एखादें विशिष्ट नाम नव्हतें, आज्ञापिलेल्या गोष्टी होत्या.

मराठी वाचकांस हें आपल्याच भाषेवरून पटेल. मराठी शास्त्रांत तोरेस ‘नियमशास्त्र’ म्हणतात. तें नपुंसकलिंगी, आणि नपुंसकाचें ‘त्यापासून’ हें रूप पुल्लिंगाहून वेगळें नाहीं. इब्रींतील व्यंग मराठींत येतां येतां पुसून जातें. मराठींतूनच हें वचन वाचणाऱ्यास तेथें कांहीं घडलें आहे याची शंकाहि येणार नाहीं.

तिसरा आक्षेप असा कीं भाषांतरकार संक्षेप करणारा होता. परंतु याच अध्यायांत ग्रीक पाठ आणखी कोठें अपुरा आहे तें पाहावें. पहिल्या व पंधराव्या वचनांत मोशेच्या नांवापुढील ‘परमेश्वराचा सेवक’ ही पदवी नाहीं. दुसऱ्यांत ‘त्यांना’ या शब्दाचा खुलासा करणारे ‘इस्राएलाच्या संतानांना’ हे शब्द नाहींत. चौथ्यांत हित्ती लोकांच्या देशाचा उल्लेख नाहीं. यांत अवघड असें कांहीं नाहीं कीं जें टाळावें. उलट पदवी वाढविणें, सर्वनामाचा खुलासा करणें, देशाचें नांव भरणें, हे सर्व नकलकारांच्या हातचे नित्याचे व्यापार होत. नांवामागें मानाचीं बिरुदें चढत जातात हें आपल्या पोथ्यांतहि प्रत्यहीं दिसतें. सबंध ग्रंथांत ग्रीक पाठ इब्रीहून शेंकडा चार-पांच टक्के आंखूड आहे. सॅम्युएल होम्स यांनीं १९१४ सालींच असा पक्ष मांडला होता कीं ग्रीकाच्या मागें एक निराळा व बहुधा अधिक जुना इब्री पाठ होता. तेव्हां तो तर्क होता. कुमरान येथें यिर्मयाच्या ग्रंथाच्या इब्री प्रती मिळाल्या, त्यांतील कांहीं ग्रीकाच्या आंखूड पाठाशीं जुळल्या. तेव्हांपासून, ग्रीक आंखूड म्हणजे भाषांतरकारानें कापलेला, असें सरसकट म्हणण्याची सोय राहिली नाहीं.

आदिपर्वाची चिकित्सित आवृत्ति १९३३ मध्यें पुरी झाली तेव्हां सुकथनकरांनीं हाच धडा आपणांस घालून दिला : परंपरेंत मजकूर वाढतो तितक्या सहजपणें गळत नाहीं, म्हणून एका स्वतंत्र परंपरेंत जें नाहीं त्याची जामीनकी दुसरीनें द्यावी. सातव्या वचनांतील तोरेला अशी जामीनकी मिळत नाहीं, आणि तिच्याच वाक्यांतील सर्वनाम तिच्याविरुद्ध साक्ष देतें.

५. ही साक्ष कोठवर पुरते

येथें थांबलें पाहिजे, कारण पुष्कळ विद्वान् येथें थांबत नाहींत. सहाव्या वचनांतील धीराचे शब्द नवव्यांत पुनः येतात. मध्यें सातवें व आठवें. अशा पुनरुक्तीच्या आंत कोंडलेला मजकूर मागाहून घातलेला असतो, असा एक सर्वमान्य तर्क आहे. शिवाय सातव्याच्या आरंभीं ‘राक’, म्हणजे ‘मात्र’, हा अट घालणारा शब्द आहे. आधीं विनाअट दिलेलें अभिवचन येथें अटीनें बांधलें जातें. यावरून रुडॉल्फ स्मेंड यांनीं १९७१ मध्यें असें प्रतिपादिलें कीं ७ पासून ९ पर्यंतचीं वचनें नियमशास्त्राचा विशेष अभिमान असलेल्या एका उत्तरकालीन संपादकाचीं होत. मार्टिन नोट यांनीं १९४३ मध्यें अनुवादापासून राजांपर्यंतचा जो एकसूत्री इतिहास कल्पिला होता त्यांत हा दुसरा थर.

हा तर्क विचार करण्याजोगा आहे. पण सर्वनामाची साक्ष त्याच्या खात्यावर जमा करतां येणार नाहीं. सर्वनाम सांगतें तें एवढेंच कीं सातव्यांतील एक शब्द पाठीमागून आला. आठवें वचन, ज्यांत तोरेचा ग्रंथ यहोशवाच्या मुखापासून दूर होऊं नये व त्यानें त्याचें रात्रंदिवस मनन करावें असें सांगितलें आहे, तें इब्रींत आहे तसेंच ग्रीकांतहि आहे. ग्रंथावांचूनची नियुक्ति दाखविणारी प्रत आजपर्यंत कोठेंहि मिळालेली नाहीं. पाठनिर्णय पोथ्यांवरून होतो, थरांचा निर्णय अनुमानावरून. दोन्हीं विद्या खऱ्या आहेत, पण पहिलीचा शिक्का दुसरीच्या मालावर मारूं नये.

६. उपसंहार

मग एका शब्दाच्या जाण्यायेण्यानें काय साधलें? मला वाटतें, बरेंच साधलें. जुना पाठ धरला तर सातव्या व आठव्या वचनांत एक पायरी स्पष्ट दिसते. सातव्यांत यहोशवा बांधलेला आहे तो मोशेनें त्याला स्वतः दिलेल्या आज्ञेनें. ती आज्ञा तोंडी होती, एका माणसानें दुसऱ्या माणसास दिलेली; पलीकडे जा, भिऊं नको, लोकांना भूमि वांटून दे, अशा अर्थाची, अनुवाद ३१ : ७-८ मध्यें आपण ती पाहतों. आठव्यांत तोच यहोशवा एका ग्रंथानें बांधला जातो. तेथील ‘हागाह’ या धातूचा अर्थ मुक्यानें चिंतन करणें असा नाहीं. पुटपुटणें, गुणगुणणें असा आहे. कबुतराच्या घुमण्यास व सिंहाच्या गुरगुरण्यासहि तोच धातु येतो. आपल्याकडील जपास तो जवळचा आहे. ज्यानें मोशेचा शब्द कानांनीं ऐकला तो आतां लिहिलेला शब्द आपल्या तोंडानें म्हणणार. अनुवादाच्या १७ व्या अध्यायांत पुढें होणाऱ्या राजानें स्वतःसाठीं नियमशास्त्राची नक्कल करावी व जन्मभर ती वाचावी असें सांगितलें आहे. राजपद येण्याच्या कितीतरी आधीं त्या नियमाखालीं येणारा यहोशवा हा पहिला नायक.

आणि तो अशा तऱ्हेचा एकटाच. यहोशवा मेल्यावर त्याच्या जागीं कोणाची नियुक्ति झाली नाहीं. शास्त्यांचा ग्रंथ यहोशवाच्या ग्रंथासारखाच, नायकाच्या मरणानंतर असें म्हणून सुरू होतो. पण तेथें परमेश्वर कोणाला नांवानें हांक मारीत नाहीं, लोकच त्यास विचारतात कीं आमच्यापैकीं प्रथम कोणीं जावें. मोशेच्या मागें माणूस होता. यहोशवाच्या मागें उरला तो ग्रंथ. तोंडी आज्ञेकडून ग्रंथाकडे जाण्याची ही पायरी पहिल्या अध्यायांतील दोन लागोपाठच्या वचनांत कोरलेली होती. कोणा भाविक नकलकारानें तोरेचा मान वाढविण्यासाठीं तिचें नांव एक वचन आधींच घातलें, आणि त्या आदरानें पायरी बुजली.

ती पुनः दिसूं लागली याचें श्रेय टीकाकारांचें नव्हे. अलेप्पो व लेनिनग्राड येथील प्रतींच्या लेखकांना, आणि त्यांच्या पूर्वींच्या शतकानुशतकांच्या नकलकारांना, मिम्मेन्नूचें लिंग चुकलें आहे हें दिसलें नसेल असें मानणें कठीण आहे. ते तोरेचेच सेवक होते. एक अक्षर बदलून तिची अडचण दूर करणें त्यांच्या हातीं होतें. त्यांनीं तें केलें नाहीं. हातीं आलें तें जसेंच्या तसें पुढें दिलें, आणि त्यामुळेंच आपल्या पाठाविरुद्धचा पुरावा त्यांच्याच पोथींत टिकला. जुन्या पोथ्या छापतांना व्याकरण नीट करून देणाऱ्या आपल्याकडील प्रकाशकांनीं व संग्राहकांनीं एवढें ध्यानांत धरावें. अशुद्ध रूप सुधारावयाचें झालें तर टीपेंत सुधारावें. मजकुरांत तें राहूं द्यावें. आज जें लेखनदोष वाटतें तें उद्यां कोणास एकमेव साक्षीदार म्हणून लागेल.